हौद्यातला खडा

संगणकावरील डावपेचांच्या खेळांत, म्हणजे ज्यांत खेळाडू सैन्य, धान्य, खाणी आणि मुलूख यांचे नियोजन करून प्रतिस्पर्ध्यावर मात करतो अशा खेळांत, नियम पुस्तकात छापलेले नसतात. ते आज्ञावलीत, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांच्या मालिकेत, गुंफलेले असतात. बुद्धिबळात कोणी घोडा भलत्याच घरात ठेवला तर समोरचा त्याचा हात धरतो. संगणकीय खेळात हात धरण्याचे काम यंत्राकडे असते, आणि म्हणूनच यंत्राने जे होऊ दिले ते सारे नियमात बसते, असा समज तरुण खेळाडूंत सहज रुजतो. हा समज चुकीचा आहे. तो खेळाडूला कोठे नेऊन सोडतो हे प्रस्तुत लेखकाने कोल्हापूरजवळच्या पेठ वडगावात स्वतःच्या वागण्यातून अनुभवले असल्यामुळे त्याची कारणमीमांसा येथे केली आहे.

यंत्राचे अज्ञान समजण्यासाठी 1999 मध्ये आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ या खेळाची रचना पाहणे उपयोगी ठरते. मार्क टेरानो आणि पॉल बेटनर या त्याच्या आज्ञावलीकारांनी 2001 मध्ये एका निबंधात ती समजावून सांगितली आहे. त्या काळच्या मंद दूरध्वनी जोडणीवरून शेकडो सैनिकांच्या हालचाली क्षणोक्षणी पाठवणे शक्य नसल्याने त्यांनी प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर तेच युद्ध स्वतंत्रपणे चालू ठेवले आणि संगणकांमध्ये फक्त खेळाडूंच्या आज्ञांची देवाणघेवाण होऊ दिली. या व्यवस्थेत एखाद्याने आपल्या यंत्रावरील सोन्याचा आकडा चोरून वाढवला तर इतर यंत्रांवरील हिशेब त्याच्याशी जुळत नाही आणि खेळ थांबतो. मात्र दोष, ज्याला खेळाडू ‘बग’ म्हणतात, मूळ आज्ञावलीतच असेल तर तो सर्व संगणकांवर अगदी सारखाच घडतो, हिशेब तंतोतंत जुळतो आणि कोणतेही यंत्र तक्रार करत नाही. यंत्र हे साक्षीदार असते, पंच नव्हे. दोष आणि नियम यांतील फरक त्याला दिसूच शकत नाही आणि तो ओळखण्याची जबाबदारी खेळणाऱ्या माणसांवरच राहते.

कोल्हापूरच्या परिसरात हा फरक समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. तालमीच्या हौद्यात लाल माती उकरून मऊ केली जाते ती दोन्ही पैलवानांसाठी. त्या मातीत खडा राहिला आणि तो एकाला आधी दिसला, तर त्याने तो उचलून बाहेर टाकावा, अशीच अपेक्षा असते. खड्याची जागा लक्षात ठेवून प्रतिस्पर्ध्याची पाठ नेमकी तेथे आपटणाऱ्याला कुस्ती मिळाली तरी वस्तादाची शाबासकी मिळत नाही. आज्ञावलीतील दोष हा असाच खडा आहे.

प्रस्तुत लेखकाने तो खडा लपवून ठेवला होता. पेठ वडगावात मित्रमंडळी एका ठिकाणी जोडलेल्या संगणकांवर ‘स्टारक्राफ्ट’ हा 1998 चा खेळ खेळत असत. त्यातील एका पक्षाला जमिनीत सुरुंग पेरता येतात, शत्रू जवळ येताच ते आपोआप उसळतात आणि मित्राला मात्र धक्का लावत नाहीत. खेळात कोणाला मित्र मानायचे हे एकतर्फी ठरवता येत असल्याने प्रतिस्पर्ध्याला मित्र घोषित करून त्याचे सगळे सैन्य सुरुंगांच्या मधोमध येऊ द्यायचे आणि मग एका क्षणात त्याला पुन्हा शत्रू ठरवायचे, म्हणजे सर्व सुरुंग एकदम उसळतात, ही पळवाट लेखकाने एका शाळकरी मुलावर वापरली. हरल्यावर त्या मुलाने “दादा, ह्ये कसं केलासा?” एवढेच विचारले आणि लेखकाने तो आपला डाव असल्याचे सांगून खरे उत्तर टाळले. मुलाने ती युक्ती स्वतःच शोधून काढली, मग ती सर्वांकडे गेली, आणि काही आठवड्यांत कोणीही मोकळ्या मैदानात सैन्य नेईनासे झाले. खेळ खेळावा असे कोणाला वाटेना आणि बैठक मोडली. लेखकाचे नुकसान आणखी वेगळे होते: सुरुंगांशिवाय लढण्याचा सराव सुटल्यामुळे पूर्वी ज्यांना तो सहज हरवत असे त्यांच्याकडूनही तो हरू लागला.

या सुरुंगाच्या पळवाटेला व्यावसायिक स्पर्धांतही बंदी घालण्यात आली. परंतु त्याच खेळातील दुसरी विचित्र गोष्ट मान्य झाली, हे अधिक विचार करण्यासारखे आहे. उडणाऱ्या सैनिकांच्या गटात दूर असलेला एखादा घटक जोडला की ते सारे एकमेकांवर येऊन एका ठिपक्यासारखे गोळा होतात. ही करामत रचनाकारांनी आखलेली नसावी, तरीही ती टिकली, कारण ती साधण्यासाठी हाताचे कौशल्य लागते, प्रतिस्पर्ध्याला ती डोळ्यांसमोर दिसते आणि तिच्यावर उताराही करता येतो. दोष वापरावा की नाही याची कसोटी रचनाकाराच्या हेतूत शोधण्यापेक्षा ती या प्रश्नात शोधावी, असे लेखकाचे मत आहे: समोरच्याला हे ठाऊक असते, तर त्याच्याजवळ खेळातच उत्तर होते काय?

येथे पळवाटांच्या समर्थनार्थ गनिमी काव्याचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ज्या पेठ वडगावात 1708 मध्ये निधन पावलेल्या सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे तेथे ते अधिकच दिले जाते. ही तुलना त्या सेनापतींवर अन्याय करणारी आहे. डोंगर, खिंडी, पावसाळा आणि घोड्यांचा वेग ही मोगलांनाही दिसणारी वस्तुस्थिती होती. मराठ्यांनी ती अधिक चांगली जाणली आणि जिवाची जोखीम पत्करून वापरली. दोष वापरणारा कोणतीच जोखीम घेत नाही.

एकट्याने यंत्राविरुद्ध खेळताना कोणाची फसवणूक होत नाही हे खरे, तरी नुकसान होतेच. 2009 मधील ‘एम्पायर: टोटल वॉर’ या 1700 पासूनच्या काळावर बेतलेल्या खेळात मराठ्यांचा पक्ष घेऊन खेळता येते. प्रारंभीच्या आवृत्तीत यंत्राच्या हाती असलेली राष्ट्रे समुद्रमार्गे सैन्य उतरवू शकत नव्हती. हे कळल्यावर लेखकाने कोकणपट्टी ओस ठेवून सारी फौज उत्तरेकडे नेली. पुढे सुधारित आवृत्तीत हा दोष दूर झाला तेव्हा किनारा राखण्याची विद्या त्याच्याजवळ नव्हती. कान्होजी आंग्रे यांनी ज्या किनाऱ्यासाठी आयुष्य वेचले तो किनारा रिकामा ठेवून मिळवलेला विजय आजही त्याला बोचतो.

तथापि प्रत्येक विचित्र गोष्टीला दोष म्हणण्याची घाई करू नये. ‘सिव्हिलायझेशन’ या 1991 च्या खेळातील गांधी आकड्यांच्या चुकीमुळे अणुबॉम्ब टाकत सुटतात, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. रचनाकार सिड मायर यांनी 2020 मधील आत्मकथनात असा दोष नव्हताच असे स्पष्ट केले. म्हणून आधी स्वतः एकट्याने पडताळून पाहावे, खरा दोष आढळला तर तो रचनाकारांना कळवावा, आणि सामना चालू असताना सापडला तर तेथेच थांबून समोरच्याला दाखवावा.

गणेशोत्सवात किंवा सुट्टीत असे सामने भरवणाऱ्या वडगावच्या मंडळांना एक विनंती आहे. कोणत्या युक्त्या वर्ज्य आहेत आणि वाद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, हे एका कागदावर लिहावे आणि संगणक सुरू करण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवावे.