साक्षरतेची मोजणी

प्रस्तावना

‘देशातील साक्षरतेचे प्रमाण वाढले’ अशा आशयाचे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात अनेकदा वाचले असेल. त्या वाक्यासोबत एक आकडाही दिलेला असतो. हा आकडा येतो कोठून? कोणाला साक्षर म्हणायचे हे कोण ठरवते? एकाच देशाविषयी निरनिराळ्या अहवालांत निरनिराळे आकडे का आढळतात? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा पाठ वैचारिक लेख या प्रकारात मोडतो. वैचारिक लेखात लेखक एखादा विषय घेऊन त्याची कारणे, उदाहरणे आणि निष्कर्ष क्रमाने मांडतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• साक्षरतेची व्याख्या काळानुसार कशी बदलत गेली ते सांगता येईल;
• जनगणना आणि नमुना सर्वेक्षण यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• साक्षरतेचा आकडा वाचताना कोणते प्रश्न विचारावेत ते समजेल;
• उपसर्ग लागून तयार झालेले शब्द ओळखता येतील.

मूळ पाठ

(१) साक्षर कोणाला म्हणावे?

जुन्या दस्तऐवजांवर शाईने उमटवलेला एक ठसा दिसतो आणि त्याच्या शेजारी कारकुनाने लिहिलेली ओळ दिसते : ‘निशाणी डावा अंगठा’. ज्याला स्वतःचे नावही लिहिता येत नाही, त्याची ही ओळख. अशा माणसाला आपल्या भाषेने ‘अक्षरशत्रू’ आणि ‘अंगठाबहाद्दर’ अशी बोचरी नावे दिली. वस्तुतः ज्याला शाळेची वाटच कोणी दाखवली नाही, तो अक्षरांचा शत्रू कसा असेल? परंतु या नावांमुळे निरक्षरता ही लाजेची गोष्ट ठरली. पुढे मोजणीच्या कामात ही लाज फार मोठा अडथळा ठरते, हे आपण पाहणार आहोत.

भारतात लोकांची मोजणी करण्याची आधुनिक पद्धत १८७२ मध्ये सुरू झाली. मराठीत तिला पूर्वी ‘खानेसुमारी’ किंवा ‘शिरगणती’ म्हणत. आज आपण ‘जनगणना’ म्हणतो. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनांत लोकांचे तीन गट केले गेले : शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर. अनेक वर्षे शाळेत जाणारा मुलगा ‘शिकत असलेला’ मानावा की ‘साक्षर’, याबाबत घोटाळा होऊ लागला. म्हणून १९०१ पासून साक्षर आणि निरक्षर हे दोनच गट राहिले. १९११ मध्ये कसोटी अधिक स्पष्ट झाली. ज्याला मित्राला पत्र लिहिता येते आणि त्याचे आलेले उत्तर वाचता येते, तो साक्षर, असे ठरले.

आजची व्याख्या अशी आहे : सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर होय. या व्याख्येतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ‘समजून’ म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे पुरेसे नाही. ‘वाचता आणि लिहिता’ म्हणजे ज्याला फक्त वाचता येते, त्याची गणना साक्षरांत होत नाही. ‘कोणत्याही एका भाषेत’ म्हणजे भाषेचे बंधन नाही. शाळेत गेलेले असण्याचीही अट नाही. ब्रेल लिपीत वाचणारी दृष्टिहीन व्यक्तीही साक्षर मानली जाते.

(२) दारात आलेला प्रगणक

ही व्याख्या प्रत्यक्षात कशी वापरली जाते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. छत्तीसगडातील रायपूर जिल्ह्यात अभनपूर नावाचे गाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडाच्या या भागात मराठी कुटुंबे येऊन राहिली. समजा, अशाच एका कुटुंबाच्या दारी प्रगणक आला आहे. हे काम बहुधा शाळेतील शिक्षकांकडे सोपवलेले असते. ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना तो घरातील एकेका माणसाविषयी विचारतो.

“सूनबाईंना लिहिता-वाचता येते का?”

“ती भंडाऱ्याची. मराठी वाचते, लिहिते. पण इकडची शाळा कुठे शिकली ती? नाही म्हणून लिहा.”

“आणि तुमच्या मंडळींना?”

“सही करतात की! साक्षरच लिहा.”

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. सूनबाईंना मराठीत समजून वाचता-लिहिता येते; त्या हिंदीतून शिकल्या नाहीत, तरी त्या साक्षर आहेत. सासूबाईंना केवळ सही गिरवता येते. व्याख्येनुसार त्या अजून साक्षर नाहीत. दोघीही घरातच होत्या, पण त्यांना कोणी विचारलेच नाही. त्यांच्या अक्षरज्ञानाचा निर्णय तिसऱ्याच माणसाने दिला. देशाच्या साक्षरतेचा आकडा अशा कोट्यवधी उत्तरांची बेरीज करून तयार होतो.

(३) आकड्यामागचे गणित

साक्षरतेचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे. एका गावाची लोकसंख्या १००० आहे असे समजा. त्यांपैकी १४० बालके सात वर्षांखालील आहेत. उरलेल्या ८६० जणांपैकी ६०२ साक्षर आहेत. ६०२ ला ८६० ने भागून १०० ने गुणले, तर प्रमाण ७० टक्के येते. मात्र बालकांसह सर्व १००० लोकांशी तुलना केली, तर तेच प्रमाण ६०.२ टक्के होते. गाव तेच आणि साक्षरही तेवढेच आहेत. केवळ कोणाला मोजणीत धरले यावरून आकडा बदलला.

देशाच्या बाबतीतही असेच घडते. २०११ च्या जनगणनेनुसार सात वर्षे व त्यावरील लोकांत साक्षरतेचे प्रमाण ७३ टक्के होते. परंतु फक्त प्रौढांचा, म्हणजे पंधरा वर्षे व त्यावरील लोकांचा विचार केला, तर ते ६९.३ टक्के होते. शाळेत जाणारी मुले मोजणीत असली की एकूण प्रमाण वाढते आणि मागे राहिलेले प्रौढ त्या सरासरीत झाकले जातात.

सरासरी आणखीही बरेच काही झाकते. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. पण मुंबई उपनगर जिल्ह्यात ती सुमारे ९० टक्के, तर नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६४ टक्के होती. छत्तीसगडात पुरुषांचे प्रमाण ८०.३ टक्के आणि स्त्रियांचे ६०.२ टक्के होते. त्या वर्षी देशात पंधरा वर्षांवरील २५.७६ कोटी लोक निरक्षर होते आणि त्यांपैकी १६.६८ कोटी स्त्रिया होत्या.

(४) शितावरून भाताची परीक्षा

जनगणना सर्वांची होते, पण ती सामान्यतः दहा वर्षांतून एकदाच. २०२१ ची जनगणना तर कोविडच्या साथीमुळे लांबली आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर करण्यात आला. मधल्या काळात माहिती मिळवण्यासाठी नमुना सर्वेक्षणे केली जातात. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सर्व भात चाचपत नाही. एखादे शीत दाबून पाहते. मात्र भांडे नीट ढवळलेले असावे लागते. त्याचप्रमाणे शहरे आणि खेडी, गरीब आणि सधन अशा सर्व घरांना निवडीत योग्य स्थान मिळाले, तरच नमुना विश्वसनीय ठरतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची सुरुवात १९५० मध्ये झाली. त्याच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, सुमारे १ लाख १४ हजार कुटुंबांकडून शिक्षणाविषयी माहिती घेण्यात आली. त्यात सात वर्षांवरील लोकांत साक्षरतेचे प्रमाण ७७.७ टक्के आढळले. ग्रामीण भागात ते ७३.५ आणि शहरी भागात ८७.७ टक्के होते. अशा सर्वेक्षणांत साक्षरतेखेरीज शिक्षणाची पातळीही विचारतात : प्राथमिक, माध्यमिक, पदवी इत्यादी. साक्षरता आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत न गेलेला माणूस साक्षर असू शकतो. आणि चौथीत शाळा सुटलेला माणूस पुढे अक्षरे विसरूही शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची रीत निराळी आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या सर्वेक्षणाचे संयोजन करते. त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ज्यांनी नववी किंवा त्यापुढील शिक्षण पूर्ण केले होते, त्यांना साक्षर धरले गेले. इतरांसमोर मात्र एक कार्ड ठेवून त्यावरील वाक्य वाचण्यास सांगण्यात आले. संपूर्ण वाक्य किंवा त्याचा काही भाग ज्यांना वाचता आला, ते साक्षर. या रीतीने १५ ते ४९ वयोगटातील ७१.५ टक्के स्त्रिया साक्षर आढळल्या. येथे स्त्रीला स्वतः वाचण्याची संधी मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण. लेखन तपासले जात नाही, ही तिची मर्यादा. वयोगट आणि कसोटी दोन्ही वेगळी असल्याने ७१.५ आणि ७७.७ हे आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ किंवा ‘वाढ झाली’ असे म्हणता येणार नाही.

(५) चाचणी आणि कागदावरचे यश

विचारून मोजण्यापेक्षा तपासून मोजणे अधिक खात्रीचे. २००९ ते २०१८ या काळात राबवलेल्या ‘साक्षर भारत’ योजनेत राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने नवसाक्षरांची चाचणी घेतली. वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण होते. २०२२ पासूनच्या ‘उल्लास’ कार्यक्रमातही अशीच १५० गुणांची चाचणी आहे. या कार्यक्रमात साक्षरतेचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेलेले राज्य पूर्ण साक्षर मानले जाते. ३० मे २०२५ रोजी गोवा राज्याने अशी घोषणा केली.

घोषणा झाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती महाराष्ट्रात इतरत्र पसरली. गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव’ समारंभ साजरा होई. हा उत्साह मोलाचाच होता. पण नंतर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसट होत जातात. शिवाय उद्दिष्टाचे आकडे वरून आले, की कागदावर साक्षर निर्माण करण्याचा मोह होतो. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीत प्रौढ साक्षरता मोहिमेतील हाच विरोधाभास उपहासाने रंगवला आहे.

यात नुकसान कोणाचे होते? अभनपूरच्या उदाहरणातील सासूबाईंकडे पुन्हा पाहा. त्यांच्या नावापुढे ‘साक्षर’ अशी नोंद झाली. साक्षरता वर्गासाठी निरक्षरांची यादी करतानाही घरच्यांनी लाजेपोटी असेच उत्तर दिले, तर त्यांचे नाव यादीत येणार नाही. पुस्तक आणि स्वयंसेवक शेजारच्या घरी येतील, त्यांच्या घरी नाही. लाज राखण्यासाठी दिलेल्या एका उत्तराने त्यांची शिकण्याची संधी जाते. म्हणून मोजणीच्या वेळी खरे उत्तर देणे आणि ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्यालाच बोलू देणे, हेही शिक्षणाच्या प्रसाराचे काम आहे. निरक्षर असण्यात अपराध नाही. पण निरक्षर माणूस मोजणीतूनच निसटला, तर तो शिक्षणाच्या वाटेवरून पुन्हा एकदा दूर राहतो.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. आजच्या व्याख्येनुसार साक्षर होण्यासाठी कोणती अट आहे?
(अ) शाळेत जाणे (आ) सही करता येणे (इ) कोणत्याही भाषेत समजून वाचता व लिहिता येणे
२. वाक्य लिहिलेले कार्ड वाचायला कोणत्या सर्वेक्षणात देतात?
(अ) जनगणना (आ) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (इ) राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण
३. प्रौढ साक्षरतेचे प्रमाण काढताना कोणते वय धरतात?
(अ) पाच वर्षांवरील (आ) सात वर्षांवरील (इ) पंधरा वर्षे व त्यावरील

शब्दार्थ

दस्तऐवज : कायदेशीर लेख. प्रगणक : जनगणनेसाठी घरोघरी जाऊन नोंद करणारा. नमुना : मोठ्या समूहातून निवडलेला छोटा भाग. नवसाक्षर : नुकताच लिहा-वाचायला शिकलेला. उपहास : थट्टेच्या रूपाने केलेली टीका. संदर्भदिनांक : ज्या दिवसाची स्थिती नोंदवायची तो दिवस.

भाषाअभ्यास

‘अक्षर’ या शब्दाला ‘स’ जोडला की ‘साक्षर’ (अक्षरांसह असलेला) आणि ‘निर्’ जोडला की ‘निरक्षर’ (अक्षरांवाचून असलेला) असे शब्द तयार होतात. शब्दाच्या आरंभी जोडल्या जाणाऱ्या अशा अक्षरांना उपसर्ग म्हणतात. याच रीतीने तयार झालेले शब्द पाहा : सफल, सजीव, निर्जीव, निर्दोष.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आहे. थोड्या भागावरून संपूर्ण वस्तूची पारख करणे, असा तिचा अर्थ होतो.

तुम्ही काय शिकलात?

• साक्षरतेची व्याख्या बदलली की साक्षरतेचा आकडाही बदलतो.
• जनगणना सर्वांची होते. सर्वेक्षण निवडक घरांचे होते.
• आकडा वाचताना चार प्रश्न विचारावेत : कोणत्या वयाचे लोक मोजले? उत्तर कोणी दिले? कसोटी कोणती होती? मोजणी कोणत्या वर्षी झाली?
• खऱ्या नोंदीमुळेच शिक्षण गरजू व्यक्तीपर्यंत पोहोचते.

पाठान्त प्रश्न

१. १८८१ पासून आजपर्यंत साक्षरतेची कसोटी कशी बदलली, ते थोडक्यात लिहा.
२. ‘साक्षरता आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. पाठातील सूनबाई आणि सासूबाई यांची नोंद कशी व्हायला हवी होती? कारणे द्या.
४. एका वस्तीत ५०० लोक आहेत. त्यांपैकी १०० जण सात वर्षांखालील आहेत आणि ३०० जण साक्षर आहेत. साक्षरतेचे प्रमाण काढा.
५. ‘अक्षरशत्रू’ हा शब्द तुम्हाला योग्य वाटतो का? आठ ते दहा ओळींत मत मांडा.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या पाच प्रौढ व्यक्तींना, त्यांची संमती घेऊन, वर्तमानपत्रातील एक सोपे वाक्य वाचण्यास आणि स्वतःविषयी एक वाक्य लिहिण्यास सांगा. कोणालाही हसू नका. ज्यांना मदत हवी असेल, त्यांना जवळच्या साक्षरता वर्गाची माहिती द्या.

उत्तरे

पाठगत प्रश्न : १. (इ) २. (आ) ३. (इ)
पाठान्त प्रश्न ४ : ७५ टक्के