भट्टीआधी घडाई बघ

 अगं, हॉस्पिटलात खुब्याचा सांधा बदलतात, तेव्हा हाडात बसणारा दांडा पुष्कळदा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. कुणाच्या तरी आजीचं वजन तो वर्षानुवर्षं, पावलोपावली झेलतो. म्हणून भट्टीच्या कागदावरचं तापमान आणि तास एवढंच वाचून सही करू नकोस. तुकडा प्रेसखाली कसा आणि किती दाबला गेला, ते आधी विचार.

पुण्या-पिंपरीत पोलादावर हात बसलेला आपला माणूस इथेच फसतो. पोलादाचा दाणा जाड झाला, तर नॉर्मलायझिंग करून तो बारीक करता येतो. टायटॅनियम तशी दुसरी संधी देत नाही. सिक्स-फोर, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमची मिश्रधातू, साधारण 995 अंशांच्या वर गेली की सगळी बीटा होते आणि बीटाचे दाणे भराभर फुगतात. निवताना त्यांच्या पोटात अल्फाच्या लांब पट्ट्या पडतात. अशी रचना तडा सहज पुढे सरकू देत नाही, हा तिचा गुण. पण पुन्हापुन्हा ताण आला की तडा लवकर सुरू होतो. नुसतं तापवून ती बदलत नाही. पुन्हा घडवावंच लागतं.

घडाई करायची ती त्या तापमान-सीमेच्या खाली, 900 ते 950 अंशांच्या आसपास. दाबाखाली पट्ट्या वाकतात, मुरडतात, त्यांच्या आत नव्या सीमा तयार होतात. मग भट्टीत बीटा त्या सीमांतून शिरते, पट्टी तिथे तुटते आणि तुकडे हळूहळू गोल होतात. दाब कमी पडला असेल, तर तासन्‌तास तापवूनही पट्ट्या पट्ट्याच राहतात. पट्टी जाड असेल तर वेळही जास्त लागतो.

बीटा होण्याच्या तापमान-सीमेच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. ऑक्सिजन थोडा वाढला तरी ती वर सरकते, म्हणून प्रत्येक हीटची सीमा वेगळी तपासून घे. आणखी एक: टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं. जोरात दाबलं की गाभा भट्टीच्या आकड्यापेक्षा जास्त तापतो, आणि डायला टेकलेला भाग थंड पडून नीट दबतच नाही. एकाच तुकड्यात दोन रचना निघतात. नमुना दोन्हीकडून काप.

तापलेला तुकडा पाण्यात बुडवायचा असेल, तर भट्टीचं दार उघडल्यापासून सेकंद मोज. पंचवीस मिलिमीटरपेक्षा जाड तुकड्याचा गाभा तरीही हवा तेवढ्या वेगानं निवत नाही. तिथे कडकपणाचं वचन देऊ नकोस. एजिंग 480 ते 595 अंशांत कर. हवेतल्या भट्टीत पृष्ठभाग ऑक्सिजन पितो आणि वरची कातडी ठिसूळ होते. ती पूर्ण काढल्याशिवाय माल पुढे सोडू नकोस. चार्ज लावताना उघड्या हातानं शिवायचं नाही, क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटनं पुसायचं नाही. घामातलं मीठसुद्धा तापल्यावर तडे पाडतं.

आणि रचना बघायला नमुना क्रोलच्या द्रावणात बुडवण्याआधी हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल टेबलावर हवं. त्यातलं हायड्रोफ्लुओरिक ॲसिड त्वचेवर पडलं तर लगेच दुखेलच असं नाही, पण ते हाडापर्यंत जातं. थेंब पडल्यासारखा वाटला, तरी आधी भरपूर पाणी, मग जेल, आणि तडक डॉक्टर.