नॅनो तंत्रज्ञान आणि पदवीचे विषय

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार आपण कलाशाखेचे विद्यार्थी सढळ हाताने वापरतो. आमच्या कुडपणला तर पावसाळ्यात अळूला तोटा नाही. परंतु ते पान भिजत का नाही? त्यावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवरच तरंगतो. त्यांची बारीक ठेवण नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर!

हे सांगण्याचे कारण असे की, माझी चुलत बहीण यंदा बारावीला शास्त्र शाखेत आहे आणि तिला या विषयाचा ध्यास लागला आहे. कुठल्याशा जाहिरातीत 'नॅनो' नावाची पदवी पाहून काकांनी मला विचारले, "एवढी फी भरावी का रे?" मी पडलो मराठीचा विद्यार्थी, तेव्हा प्राध्यापकांना विचारले, ग्रंथालयात बसलो आणि माझे मत बनले ते असे.

पदवीला नावापेक्षा मूळ विषय पक्का घ्यावा. सोने पिवळे, पण त्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात असले की पाणी लाल दिसते. फॅरडेने अशा सोन्याचा अभ्यास १८५७ मध्येच केला होता. रंग का पालटतो हे भौतिकशास्त्र सांगते, कण तयार करणे हे रसायनशास्त्राचे काम, आणि गणितावाचून दोन्ही लंगडी. आकारानुसार रंग बदलणाऱ्या अशाच अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे 'क्वांटम डॉट्स'च्या संशोधनाला २०२३ चे नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी चक्क बुरशीकडून सोन्याचांदीचे सूक्ष्म कण बनवून घेतले. तिथे जीवशास्त्रही आलेच. अशा कामात प्रत्येक जण आपापला एक विषय खोल शिकून येतो. सगळ्याचे थोडेथोडे शिकलेल्याची तिथे पंचाईत होते, असे मला वाटते.

नॅनोच्या नावाचे सगळेच अभ्यासक्रम पोकळ आहेत असे मात्र नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अभियांत्रिकीकडे ओढा असणाऱ्यांना आपल्या जवळच लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. परंतु कुठेही अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला स्वतः काम करू देतात काय, आणि पुढे साध्या भौतिक वा रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला ही पदवी चालते काय.

दुसरा मुद्दा पोटापाण्याचा. संशोधनाची वाट लांब आहे, एम.एस्सी. आणि बहुधा पीएच.डी.ही. मध्येच घरची अडचण आली तर? रसायनशास्त्राच्या पदवीधराला महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत निदान अर्ज तरी करता येतो. डोंगरातल्या घराला हा हिशेब सोडता येत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

तेव्हा बहिणीचे ठरले ते असे : बी.एस्सी.ला रसायनशास्त्र मुख्य, भौतिकशास्त्र जोडीला, आणि जमेल तितके गणित. अकरावीत गणित अवघड म्हणून तिच्या दोन मैत्रिणींनी ते सोडले, त्यांच्यापुढचे पर्याय आताच कमी झाले आहेत. काकांनी जाहिरातीचा कागद परत मागितला नाही. फीचे पैसे तूर्त महाडच्या खोलीभाड्यासाठी बाजूला ठेवले आहेत.