जन्मजात थायरॉईड न्यूनता आणि बालकाची बौद्धिक वाढ

मानेच्या पुढील भागातील थायरॉईड ही लहानशी ग्रंथी शरीराच्या वाढीचे नियमन करते. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिच्यावर याहूनही मोठी जबाबदारी असते. या काळात मेंदूच्या पेशींची परस्परांशी जोडणी होते आणि मज्जातंतूंवर आवरण चढते. त्यासाठी थायरॉक्सिन हे संप्रेरक अत्यावश्यक असते. काही बालकांत ही ग्रंथी जन्मतःच नसते, अपुरी वाढलेली असते किंवा पुरेसे संप्रेरक तयार करू शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांवर एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर १,१३० बालकांमागे सुमारे एकात हा दोष आढळला.

या विकाराची खरी अडचण अशी की, जन्मसमयी बाळ बहुधा निरोगीच दिसते. गर्भावस्थेत आईचे संप्रेरक त्याला काही अंशी सांभाळून घेते. पुढे हळूहळू लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, फुगलेली बेंबी, मोठी जीभ, सुस्ती ही लक्षणे उमटतात. ‘बाळ फार शांत आहे’ असे घरात कौतुक होत असतानाच मोलाचे दिवस निघून जातात. उशिरा सुरू केलेल्या औषधाने प्रकृती व उंची सुधारते. परंतु गमावलेली बौद्धिक क्षमता पूर्णपणे परत येत नाही. याउलट, पहिल्या दोन आठवड्यांत योग्य मात्रेत उपचार सुरू झाल्यास बहुसंख्य बालके इतरांप्रमाणेच शिकतात.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करणे हाच मार्ग आहे. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९७४ साली अशा सार्वत्रिक तपासणीस प्रारंभ झाला. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर ती हाती घेतली. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब त्यास पुरतात.

कारंजा तालुक्यातील धनज व परिसरातील गावांचा विचार करता कठीण भाग पुढेच आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. अहवाल येईपर्यंत बाळंतीण घरी गेलेली असते. काही दिवसांनी ती सासरी, दुसऱ्या तालुक्यातही जाते. दोष आढळूनही बाळाचा पत्ता लागला नाही, तर तपासणी व्यर्थ ठरते. यास्तव घरी जाताना माहेर व सासर या दोन्हीकडील पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आवर्जून नोंदवावेत.

उपचार साधा व अल्पखर्चाचा आहे. रोज ठरलेल्या वेळी थायरॉक्सिनची गोळी कुस्करून, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून द्यावी. लोह व कॅल्शियमची औषधे तिच्यासोबत देऊ नयेत. बाळ वाढते तशी मात्रा बदलते, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. बाळ चांगले दिसते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. ती आयुष्यभर लागेल की नाही, याचा निर्णय बहुधा तीन वर्षांनंतर डॉक्टर करतात.

या कामी मोठ्या यंत्रसामग्रीपेक्षा गावोगावी जाऊन पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याची गरज अधिक आहे, हे दानशूर हितचिंतकांनी ध्यानी घ्यावे. पालकांनाही आमची नम्र विनंती आहे की, अहवाल हाती येईपर्यंत तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.