पांदणीत रुंद टायर की बारीक?

प्रश्न : आमची बोलेरो पिकअप आहे. नांदगाव पेठजवळ संत्र्याची बाग आणि थोडं सोयाबीन-कपाशीचं वावर. हमरस्ता सोडला की दीडेक किलोमीटर पांदण, त्यातली निम्मी अजून कच्ची. मागचे टायर गुळगुळीत झालेत. मुलगा म्हणतो, 31 इंची रुंद बटण टायर टाकू, म्हणजे गाडी चिखलावर तरंगेल. आमचा जुना ड्रायव्हर म्हणतो, टायर जेवढा बारीक तेवढी गाडी निघते. खरं कोणाचं? आणि अगदीच फसलो तर चाकाला साखळी बांधून चालेल का?
— एक वाचक, नांदगाव पेठ

उत्तर : तुमच्या पांदणीपुरतं ड्रायव्हरचं. मात्र हाच सल्ला त्यानं दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या एखाद्याला भर ऑगस्टमध्ये दिला, तर गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल. मुलाचं म्हणणंही खोटं नाही, फक्त ते वाळूत जास्त खरं ठरतं.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. रुंद टायर जमिनीवर जास्त टेकतो असं बहुतेकांना वाटतं. टायर किती टेकणार हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात, त्यावरचं वजन आणि आतली हवा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर टनभर भार धरा. हवा 50 पीएसआय असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलोचा दाब पडतो. म्हणजे चाक जमिनीला टेकतं ते सुमारे 285 चौरस सेंटिमीटर, टायर कोणताही असो. टायरच्या भिंतीच्या ताठपणानं हा आकडा थोडा हलतो, फार नाही. बदलतो तो टेकण्याचा आकार. 18 सेंटिमीटर रुंदीच्या टायरचा ठसा सोळाएक सेंटिमीटर लांब पडतो, 23 सेंटिमीटरवाल्याचा जेमतेम बारा-साडेबारा. बारीक टायरचा ठसा गाडीच्या दिशेनं त्यामानानं लांब, रुंदाचा जास्त आडवा. चिखलात चाकाला पुढचा गारा ढकलत जावं लागतं, आणि जेवढा टायर रुंद तेवढा ढकलायचा गारा जास्त. बारीक टायर वाट कापत जातो, रुंद टायर गाऱ्याचा ढीग पुढे रेटत राहतो. शिवाय बारीक टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा उरते. काळी माती त्या फटीत ठासून बसली की इंजिन ओरडतं आणि चाक फिरेनासं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बारीक टायर कापत खाली जातो तो कशासाठी, तर खालचं घट्ट काहीतरी गाठण्यासाठी. ते खाली आहे का, हा खरा प्रश्न. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. नांदगाव पेठ परिसरात आणि पोहरा-मालखेडच्या टेकड्यांच्या बाजूला बऱ्याच वावरांत थोडं खाली गेलं की मुरूम लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात, काळी माती कितीतरी खोल आहे आणि पाणी तिच्यातून मुंगीच्या पावलानं झिरपतं. तिथे बारीक टायर घट्ट थर शोधत खाली जातो, तो सापडत नाही, आणि डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकला की चारही चाकं असून नसल्यासारखी.

म्हणून टायरच्या दुकानात जाण्याआधी सब्बल घेऊन पांदणीवर जा. सगळ्यात वाईट जागी अंगाचा भार देऊन ती खुपसा. वीतभर आत कडक लागलं तर बारीक टायर तुमचाच. डिफरन्शियल जमिनीपासून जेवढा उंच आहे त्यापेक्षा सब्बल खोल गेली, तर टायर कोणता हा मुद्दाच उरत नाही. तिथे मुरूम टाका, नाहीतर गाडी हमरस्त्यावर ठेवून बंडीनं माल आणा. बंडीचं चाक तेवढंच बारीक असतं, पण ते नुसतं ओढलं जातं; जोर बैलांच्या पायांतून लागतो. पिकअपला तेच चाक फिरवून पुढे जायचं असतं.

ही तपासणी एकदा करून भागत नाही, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मृगाच्या पहिल्या पावसांत वरची चार-सहा बोटं माती लोणी झालेली असते आणि खाली उन्हाळ्याचं कडक ढेकूळ असतं. तेव्हा बारीक टायर राजासारखा चालतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी तळापर्यंत मुरलेलं असतं, तेव्हा भल्याभल्यांची गाडी बसते. आणि आंबिया बहाराचे कॅरेट भरायची वेळ येते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गणित उलटं होतं. वर उन्हानं पापुद्रा धरलेला असतो, खाली ओल. तेव्हा खाली जायचं नसतं, तो पापुद्रा मोडू द्यायचा नसतो. त्या दिवसांत तुमच्या मुलाची बाजू काहीशी वर येते, पण त्यासाठी नवे टायर नकोत. हवा कमी केली तरी तोच फायदा मिळतो, कारण ठसा लांब होतो.

हवा किती कमी करायची? गाडी रिकामी असेल तर निम्म्यापर्यंत चालेल. भरलेली असेल तर कंपनीनं सांगितलेल्या आकड्यापासून फार खाली जाऊ नका, भार टायरच्या भिंतीवर येतो. त्यापेक्षा दोन खेपा करा. कमी हवेवर चालण्याच्या वेगानं जा आणि डांबरावर चढण्याआधी हवा भरा; बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सीटखाली मावतो. तुमच्या टायरात ट्यूब असेल तर जास्तच जपा. कमी हवेत टायर डिस्कवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उखडतो.

आता खरेदी. तुमच्या पिकअपला मॉडेलप्रमाणे 215/75 आर 15 किंवा 7.00 आर 15 येतो. दुकानदार ज्याला सात-पंधरा म्हणतो, तो दोन्हींत बारीक आणि काही सेंटिमीटरनं उंचही. कंपनीनं तुमच्या मॉडेलला तो दिला असेल तर डोळे झाकून तोच घ्या. उंचीचा निम्मा भाग डिफरन्शियलच्या वाट्याला येतो, आणि पांदणीत तेवढं बोटभरही फार असतं. बारीक टायर ही काही नवी टूम नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 6.00-16 चा टायर होता, आणि आज तुमच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला बहुधा त्याच मापाचा असेल.

31 इंचीबद्दल मुलाला समजवायचं असेल तर दिसण्यावर बोलू नका, तिथे तो जिंकेल. भारावर बोला. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, तो भाराचा निर्देशांक. 105 म्हणजे 925 किलो, 109 म्हणजे 1030, 112 म्हणजे 1120, आणि हे एका टायरचं. जीपवाल्या हौशी लोकांचे बटण टायर पुष्कळदा यात कमी पडतात, कारण त्यांच्या गाडीत दोन माणसं आणि एक तंबू असतो, तुमच्या गाडीत संत्री. वर तो साडेदहा इंच रुंद टायर सात इंचांपेक्षा अरुंद डिस्कवर नीट बसत नाही, म्हणजे डिस्कही बदला. इतकं केलं की गाडी उंच होते, भरलेली असताना वळणावर झुकते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

नक्षीचं म्हणाल तर मागे लग (आडव्या गाठींचा), पुढे रिब (उभ्या रेघांचा), ही ट्रकवाल्यांची जुनी जोडी तुमच्या कामाला पुरते. लगच्या गाठींत मोकळी जागा बघा; फट अरुंद असली की काळी माती तिच्यात बसून टायर पुन्हा गुळगुळीत. पण नुसत्या चिखलाच्या उंच गाठीही नकोत. तुमची गाडी दिवसाचे दीड-दोन किलोमीटर कच्च्या पांदणीत आणि बाकी सगळं डांबरावर धावते. अमरावती-अकोल्यादरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर सलग टाकून गिनेस विक्रम झाला. असल्या रस्त्यावर उंच गाठी भराभर झिजतात आणि केबिनमध्ये कान किटतात. (गावची पांदण कोणी विक्रमी वेळात करून दाखवली, तर हा स्तंभ निम्मा होईल. पांदण रस्त्यांसाठीची मातोश्री ग्राम समृद्धी योजना 2021 ची आहे, तुमच्या ग्रामपंचायतीत विचारून बघा.)

एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि नक्षीचे हवेत. रेडियल आणि नायलॉन एकत्र घालू नका. टायरची बाजूची भिंत जाड बघून घ्या, कारण कापणी झाल्यावर पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट तळापेक्षा भिंतीलाच जास्त फाडतात. बाजूवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. चार-पाच वर्षं गोदामात पडून असलेला टायर स्वस्तात मिळत असला तरी नको.

राहिली साखळी. मागच्या दोन्ही चाकांना सारखी, डिस्कच्या भोकांतून घट्ट आवळून बांधली तर काळ्या मातीत ती चांगली पकड देते. फसल्यावर बांधायला चिखलात लोळावं लागतं, म्हणून पांदणीच्या तोंडाशीच बांधा. बांधल्यावर गाडी हळूच चाकाच्या एका फेरीएवढी पुढे घेऊन ब्रेकच्या नळीला किंवा पाट्याला कडी लागत नाही ना ते बघा, आणि हमरस्ता आला की आधी साखळी सोडा, मगच डांबरावर चढा.