कर्तव्य आणि कोर्टाची तारीख

भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. अरण्ये, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करावे व प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगावी, असे त्यात म्हटले आहे. भगवान बुद्धांची करुणा मानणाऱ्या आपल्या समाजाला हे नवीन नाही. पण हे कर्तव्य बजावणाऱ्याच्या वाट्याला काय येते?

गोव्याचे उदाहरण पाहू. तेथील लोहखनिजाच्या खाणींविरुद्ध एक कार्यकर्ता सातत्याने लिहीत होता. २००८ साली एका खाण कंपनीने त्याच्यावर बदनामीबद्दल ५०० कोटी रुपयांचा दावा लावला. तोही गोव्यात नव्हे, तर कलकत्ता उच्च न्यायालयात! असे दावे जिंकण्यासाठीच लावले जातात असे नाही. प्रवास, वकिलाची फी आणि तारखांवर तारखा यांनीच सामान्य माणूस खचतो. त्याला पाहून आणखी दहाजण गप्प बसतात. निकालाआधीच शिक्षा होते ती अशी.

पुढे २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती व त्यानंतरचे खाणकाम बेकायदेशीर होते. म्हणजे ज्या वर्षी लिहिणाऱ्यावर दावा लागला, त्या वर्षीच्या खाणकामालाच कायद्याचा आधार नव्हता.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) समन्स आल्यास ते घरात ठेवून देऊ नये. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत साधारणतः ३० दिवसांत द्यावी लागते.

२) अटक झाल्यास कारण जाणण्याचा, वकील नेमण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाण्याचा हक्क कलम २२ ने दिला आहे.

३) विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही तो दर्जा मिळाला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

४) आपल्या लेखनाचा पुरावा, कागदपत्रे व छायाचित्रे तारखेनिशी जपून ठेवावीत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा मानले. कारण दाद मागता आली नाही, तर हक्क कागदावरच राहतात. खाणीशी लढणारा माणूस कोर्टाच्या पायरीवर एकटा उभा राहणार नाही, एवढी काळजी तरी आपण घेऊ या.

जय भीम!