सरसकट छाटणी आणि कुंदाचा बहर

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत असलेल्या आमच्या घराच्या कुंपणाशी गुलाब, जास्वंद, मोगरा आणि कुंद ही झुडपे एकमेकांत गुंतून इतकी माजली की फाटकाची कडी सापडेना, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास रोजंदारीवर माळी बोलावण्यात आला आणि त्याने दुपारच्या आत सगळी झाडे कोयत्याने कमरेच्या उंचीवर सरसकट उतरवून आवाराला सरकारी कचेरीची शिस्त आणली. गुलाब यथाकाल फुलला. जास्वंदीच्या चिरफाळलेल्या फांद्या मात्र टोकापासून तपकिरी होत वीतवीतभर वाळत आल्या, आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंत ज्याच्या फुलांनी पूजेचे तबक भरावे त्या कुंदाला त्या हिवाळ्यात नुसती पाने आली.

याचे कारण नाशिककरांना अपरिचित नसावे. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षबागाईतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, त्यानंतर वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत घड सूक्ष्मरूपाने आधीच घडलेला असतो, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपूर्वी कित्येकजण ते डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनही घेतात. मोगलाईत ज्या शहराला गुलशनाबाद म्हणत, तेथे वेलीचा एवढा मुलाहिजा राखणारी माणसे अंगणातली फुलझाडे बेलाशक कोयत्याच्या हवाली करतात, हे मला चमत्कारिक वाटते.

कुंद पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर फुलतो. ते शेंडे आश्विनात गेले की बहर गेलाच. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर, फाल्गुनात करावी. गुलाबाला मात्र ऑक्टोबरच मानवतो: बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, धारदार सिकेटरने तिरपा काप द्यावा, कापावर बोर्डो पेस्ट लावावी, आणि कलमाच्या सांध्याखालून आलेले फुटवे निर्दयपणे काढावेत, पुढे साधारण 45 दिवसांत फूल दिसते. मोगऱ्याचे पाणी थंडीत तोडून, पाने गळू देऊन, पौषाच्या सुमारास तो जमिनीपासून दीड फुटावर आणावा. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, तथापि फार माजलेले झाड एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये.

तेव्हा माळ्याशी मजुरी ठरवण्यापूर्वी कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते याची यादी त्याच्या हाती द्यावी, आणि कोयता घरी ठेवून येण्याची ताकीदही.